हिस्सा आणि बिरुद : तंजावरच्या भोसलेवंशचरित्राविषयी

बखर हा मराठी गद्याचा जुना आणि आपणां सर्वांच्या परिचयाचा प्रकार आहे. शाळेतील वेच्यांत सभासद भेटला नाही असा मराठी वाचक विरळाच. परंतु या सर्व बखरी कागदावर उतरल्या, नकलांच्या रूपाने घराघरांतून फिरल्या आणि पुढे छापल्या गेल्या. एक बखर मात्र अशी आहे की, ती दगडावर कोरलेली आहे आणि तो दगड महाराष्ट्रात नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराय नावाच्या त्यांच्या पदरच्या लेखकाने रचलेले भोसले घराण्याचे चरित्र १८०३ साली कोरले गेले. हा मराठीतील अतिशय मोठ्या शिलालेखांपैकी एक होय. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने तो ग्रंथरूपानेही प्रसिद्ध केलेला आहे.

इतिहाससंशोधकांनी या लेखाची तपासणी केली, त्यातील जुन्या काळाच्या मित्या विश्वसनीय नाहीत असा निर्वाळा दिला आणि जेवढे उपयोगी होते तेवढे उचलले. ते त्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु साहित्याच्या वाचकाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. हे चरित्र १८०३ सालीच का लिहिले गेले? आणि ते कागदावर न लिहिता भिंतीवर का लिहिले गेले? माझ्या समजुतीप्रमाणे या दोन प्रश्नांच्या उत्तरातच या कृतीचे मर्म आहे. ते उत्तर शोधण्यासाठी मात्र सव्वाशे वर्षे मागे, दोन भावांच्या भेटीपर्यंत जावे लागते.

शहाजीराजे १६६४ साली होदिगेरे येथे वारले. त्यांची कर्नाटकातील जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्याकडे राहिली. एकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले असता कोलेरूनच्या काठी दोघा भावांची भेट झाली. या एकाच प्रसंगाची दोन निवेदने आपल्यापुढे आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिले सभासदाचे. त्यात महाराज धाकट्या भावाजवळ राज्य मागत नाहीत. ते मागतात वडिलांची बारा बिरुदे. नवी बिरुदे करणे आपणांस अशक्य आहे असे नाही, परंतु वडिलांनी मिळविलेली आपणांजवळ असावीत, एवढीच त्यांची इच्छा. एकोजींच्या मनात संशय येतो आणि ते रातोरात नदी ओलांडून निघून जातात. त्यावर महाराज रागावत नाहीत. आपण काय त्यांना धरणार होतो, असे आश्चर्याने विचारतात. वयाने धाकटे, तेव्हा बुद्धीही धाकटेपणाचीच झाली, असे म्हणून मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांना सन्मानाने परत पाठवितात. सभासदाच्या बखरीतील हा एक अत्यंत हृद्य प्रसंग आहे. त्यात थोरल्या भावाची माया आहे, आणि त्या मायेवर विश्वास न बसलेल्या धाकट्याची भीतीही आहे.

दुसरे निवेदन महाराजांच्या नावे उपलब्ध असलेल्या पत्रातले. त्यात बिरुदांचा विषय मागे पडतो आणि हिशेब पुढे येतो. वडिलांचे राज्य तुम्ही तेरा वर्षे अविभक्त उपभोगले, आमचा अर्धा हिस्सा आम्हांस द्यावा, असा त्याचा रोख आहे. येथे भावाच्या जागी दायाद बोलतो आहे. पुढे लढाई झाली, एकोजींचा पराभव झाला, दीपाबाईंनी पतीची समजूत घातली आणि समेट झाला. बखरींतून येणाऱ्या त्या समेटाच्या कलमांत बंगळूर व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचा उल्लेख आहे. ज्या बंगळुरास आज आपल्यापैकी कितीजण बदलीवर येतात, ते एके काळी एका मराठी भावजयीच्या चोळीबांगडीचे गाव होते! तेही फार काळ टिकले नाही. १६८७ साली मोगलांच्या हातून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयरांकडे गेले, तेही तीन लाख रुपयांस, असे सांगतात.

सभासद खरा की पत्र खरे, हा वाद मला येथे घालावयाचा नाही. दोन्ही खरी असावीत असे मला वाटते, कारण वारसा म्हणून जे काही वडिलांकडून मुलाकडे येते, ते मुळात दोन प्रकारचे असते. एक हिस्सा आणि दुसरे बिरुद. हिश्श्याची वाटणी होते, तो मोजता येतो, विकता येतो, हरवतोही. बिरुदाची वाटणी होत नाही. ते एकतर आपले असते किंवा नसते. राजघराण्यांच्या वारसाकलहांत बहुधा हिश्श्याचे भांडण बिरुदाच्या भाषेत मांडले जाते. हा भेद ध्यानी ठेवून तंजावरच्या भिंतीकडे वळले म्हणजे ती बोलू लागते.

एकोजींनंतर शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे तीन बंधू अनुक्रमे गादीवर आले. यांतील शहाजीराजांचा काळ तर वाङ्मयाच्या दृष्टीने सुवर्णकाळच म्हटला पाहिजे. मराठी नाटकाचा आरंभ शोधताना आपण त्यांच्या 'लक्ष्मीनारायणकल्याणा'पाशी येऊन पोहोचतो. परंतु १७३६ साली तुकोजी वारले आणि तीन वर्षांत गादीने तीन धनी पाहिले. एकोजी दुसरे वर्षभरात गेले. त्यांच्या विधवा सुजाणबाई यांनी वर्षभर राज्य चालविले. नंतर पहिल्या सरफोजींचा पुत्र म्हणवून घेणारा शहाजी पुढे आला. लोक त्याला काट्टुराजा म्हणत. 'काडु' म्हणजे तमिळमध्ये रान. त्यालाही काढून १७३९ साली तुकोजींचे पुत्र प्रतापसिंह गादीवर बसले. प्रतापसिंहांची आई विधिपूर्वक विवाह झालेली राणी नव्हती, तलवारीशी लग्न लावून आणलेली होती, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवावयास हवी.

या कलहाची किंमत काय पडली? गादी मिळविण्याच्या खटपटीत शहाजीने पाँडिचेरीच्या फ्रेंचांस कारैकल देऊ केले आणि १७३९ साली ते बंदर फ्रेंचांच्या ताब्यात गेले. दहा वर्षांनी, १७४९ साली, इंग्रजांनी त्याच पदच्युत शहाजीचा पक्ष घेऊन प्रतापसिंहांवर स्वारी केली. देवीकोट पदरात पडताच त्या बिचाऱ्याला वाऱ्यावर सोडून प्रतापसिंहांशी तह केला. बिरुदासाठी भांडताना हिस्सा तिसऱ्याच्या हाती जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

हा दोष आपल्याच मातीचा आहे असे मानून खिन्न होण्याचे कारण नाही. ज्या फ्रेंचांना कारैकल मिळाले त्यांच्या पूर्वजांचा इतिहास याच धर्तीचा आहे. आर्त्वा परगण्याचा काउंट रोबेर १३०२ साली लढाईत पडला. त्याचा मुलगा आधीच वारलेला होता. परगणा मुलीला मिळावा की नातवाला? तेथील रूढीप्रमाणे तो माओ या मुलीला मिळाला. नातू रोबेर ही गोष्ट तीस वर्षे विसरला नाही. शेवटी त्याने खोटी कागदपत्रे पुढे केली, ती उघडकीस आली, १३३२ साली तो हद्दपार झाला आणि इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयास गेला. ब्रिटनी प्रांताचा ड्यूक १३४१ साली निःसंतान वारला तेव्हा त्याची पुतणी आणि त्याचा सावत्र भाऊ यांच्यात जो झगडा जुंपला, तो तेवीस वर्षे चालला. एका पक्षामागे फ्रान्सचा राजा होता, दुसऱ्यामागे इंग्लंडचा. खुद्द राजगादीची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. १३१६ साली राजकन्येला डावलून गादी चुलत्याने घेतली. कन्यांना वारसा नाकारणारा जो प्राचीन 'सॅलिक' कायदा फ्रान्सच्या राजघराण्याचे भूषण म्हणून पुढे मिरवला, त्याचा आधार मात्र कित्येक दशकांनंतर शोधून काढला गेला. निर्णय आधी झाला. शास्त्र मागाहून आले.

तंजावरला याच वाक्याचा प्रत्यय दोनदा आला. प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी दुसरे यांना पुत्र उरला नव्हता. १७८७ साली मृत्युशय्येवर असताना त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतील मुलास दत्तक घेतले. तोच सरफोजी. त्याचे वय तेव्हा दहाच्या आत होते. राजे वारताच त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हक्क सांगितला. कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले. पंडितांनी सांगितले की, दत्तविधान अशास्त्र आहे : दत्तक देण्यात आलेला मुलगा जनकपित्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय अधिक आहे आणि दत्तक घेतेवेळी राजे शुद्धीवर नव्हते. अमरसिंह गादीवर बसले. सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाकडे आला. पुढे जिवाला धोका आहे असे दिसताच तो मुलगा आणि तुळजाजींच्या राण्या मद्रासला नेण्यात आल्या. पुन्हा अर्ज झाले, पुन्हा पंडितांची मते घेतली गेली, आणि या वेळी तेच दत्तविधान सशास्त्र ठरले! १७९८ साली अमरसिंह उतरले आणि सरफोजी गादीवर आले.

वारसांची प्रकरणे ज्याच्या टेबलावरून जातात अशा कोणाही कारकुनास यात नवल वाटणार नाही. एकाच फाईलवर दहा वर्षांच्या अंतराने परस्परविरुद्ध दोन टिपणे असतात आणि दोन्हींस आधार नियमाचाच असतो. अमरसिंहांविरुद्ध असाही आक्षेप होता की, ते विवाहित राणीचे पुत्र नव्हेत. परंतु हा आक्षेप मान्य करावा तर सरफोजींचे दत्तक आजोबा प्रतापसिंह कोणत्या हक्काने चोवीस वर्षे राज्य करीत होते? ज्या फांदीवर बसावयाचे तिच्याच बुंध्यावर हा घाव होता. त्या काळी हे कोणाच्या ध्यानी आले नसेल असे नाही. परंतु ते उच्चारणे कोणाच्याच सोयीचे नव्हते.

आता आपण १८०३ सालाकडे येऊ. गादी मिळाल्यावर वर्षभराने, ऑक्टोबर १७९९ मध्ये, सरफोजींनी कंपनीशी तह केला. राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि उत्पन्नाचा पाचवा भाग. म्हणजे हिस्सा गेला, बिरुद उरले. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत हे वंशचरित्र भिंतीवर उमटले. सूर्यवंशाशी नाते जोडून आरंभ करावयाचा, मालोजी, शहाजी, एकोजी अशी मालिका सांगत यावयाचे, तंजावरचा एकेक राजा ओवावयाचा आणि त्या माळेचे शेवटचे मणी म्हणून सरफोजींना बसवावयाचे, ही त्याची रचना. ज्याचा हक्क निर्विवाद असतो त्याला तो भिंतीवर कोरावा लागत नाही. ज्याचे दत्तविधान एकदा रद्द ठरून पुन्हा मान्य झाले, त्या राजाला पंडितांच्या मतावर किंवा कंपनीच्या कागदावर विसंबणे शक्य नव्हते. कागद बदलतो हे त्याने बालपणीच पाहिले होते. म्हणून दगड, आणि तोही राजवाड्यातला नव्हे, तर राजराज चोळाने बांधलेल्या देवालयाचा, जेथे आठशे वर्षे राजे आपले दानलेख कोरीत आले होते.

या दृष्टीने पाहता बाबूरायाची कृती ही वंशावळीच्या वेषातील एक कैफियत आहे. वाङ्मय म्हणून तिचे मोल ठरविताना तिच्या उणिवा झाकून चालणार नाही. पुराणांतून आणलेली नावांची लांबच लांब रांग वाचकाचा धीर पाहते. लेखक आश्रित आणि नायक आश्रयदाता, तेव्हा स्तुतीला बंधन नाही. सभासद धाकट्या भावाच्या पळून जाण्याने जेवढे सांगतो, तेवढे सांगणारा प्रसंग या भिंतीवर शोधून मिळणार नाही. याचे कारण लेखकाच्या प्रतिभेत जितके आहे त्याहून अधिक त्याच्या कामगिरीत आहे. सभासदाला जिंजीच्या वेढ्यातही राजारामाला थोरल्या राजाची कथा सांगावयाची होती. राज्य संकटात असले तरी हक्काविषयी शंका नव्हती. कथा सांगणाऱ्याला माणसाच्या दुबळेपणाचे चित्र काढता येते. दावा मांडणाऱ्याला ते परवडत नाही. दाव्यात प्रत्येक पूर्वज निर्दोषच असावा लागतो.

तथापि एका गोष्टीचे श्रेय बाबूरायाला द्यावेच लागेल. भोवती तमिळ बोलणारी प्रजा, दरबारात तेलुगूचा व संस्कृताचा मान, कारभारावर इंग्रजांची देखरेख, अशा ठिकाणी त्याने घराण्याचे चरित्र मराठीत लिहिले. ते कोणी वाचावे अशी अपेक्षा होती? मंदिरात येणाऱ्या शंभरांतील नव्वद जणांस ते कळणारे नव्हते. इंग्रज रेसिडेंटला तर नव्हतेच. मला वाटते, या लेखाचा खरा वाचक घराणे स्वतःच होते. आपण कोण, हे आपल्याच भाषेत आपल्यालाच सांगण्यासाठी तो लेख होता. हे ध्यानी आले म्हणजे नावांची ती कंटाळवाणी रांगही निराळी वाटू लागते. परमुलखात वाढणाऱ्या मुलाला आपण आजोबा-पणजोबांची नावे पाठ करावयास लावतो, तेव्हा त्या नावांत काव्य नसतेच.

ही कैफियत शेवटी कामास आली काय? व्यवहाराच्या न्यायालयात नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रावाचून वारले. सातारा आणि नागपूर यांची वाट तोवर दाखवून झालीच होती. तंजावरला राजकन्येच्या नावाने वारसा चालवावा अशी सूचना झाली. ती कंपनीने मानली नाही. याच घराण्यात सुजाणबाईंनी राज्य केले होते, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. कंपनीने किताब संपुष्टात आणला आणि राजाची खासगी मालमत्ताही जप्त केली. त्यावर वडील राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला : ही जप्ती राज्यसत्तेने केलेली कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयास तीत हात घालता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. पुढे १८६२ साली खासगी मिळकत राण्यांना परत देण्यात आली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

हा निकाल वाचताना मला राहून राहून म्हैसूरची आठवण होते. मी राहतो त्या बोगादीपासून राजवाडा दूर नाही. या घराण्याला औरस संतती न होण्याचा शाप आहे, अशी तलकाडची कथा येथे सर्वांस ठाऊक आहे. तिसऱ्या कृष्णराज ओडेयरांचा कारभार कंपनीने १८३१ सालीच काढून घेतला होता. त्यांनी १८६५ साली दत्तक घेतला. तो आधी नाकारला गेला, १८६७ साली मान्य झाला, आणि १८८१ साली त्या दत्तकाकडे राज्य परत आले. तंजावर आणि म्हैसूर यांच्यात धर्मशास्त्राचा भेद नव्हता. मध्ये १८५७ साल येऊन गेले होते, एवढाच काय तो फरक. या घराण्याने २०१५ सालीही दत्तक घेतला. राज्य कधीच उरलेले नाही. तरी दसऱ्यात सिंहासन मांडले जाते आणि गावोगावचे लोक ते पाहावयास येतात. हिस्सा नसलेले बिरुद लोक किती आपुलकीने जपतात, हे तेथे दिसते.

तंजावरला असे सिंहासन मांडले जात नाही. परंतु तेथे सरस्वती महाल आहे. दत्तक आलेल्या, ज्याच्या हक्कावर दहा वर्षे वाद चालला त्या सरफोजींनी हे ग्रंथालय वाढविले, १८०० नंतरच्या पहिल्याच दशकात देवनागरी मुद्रणालय चालविले, मुलांसाठी इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. त्या वेळी मुंबईस मराठी गोष्टींची पुस्तके छापली जाऊ लागावयाची होती. औरसांनी बंदरे गमावली आणि दत्तकाने ग्रंथ जमविले, असे विधान केले तर ते थोडे सोपे होईल, पण खोटे होणार नाही.

आणि या ग्रंथालयानेच दोन भावांचा जुना वाद एका अर्थी मिटविला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदाने रचलेले 'शिवभारत' महाराष्ट्राच्या विस्मरणात गेले होते. त्याची पोथी सापडली ती तंजावरला, आणि तिच्या आधारे स. म. दिवेकरांनी १९२७ साली ते प्रसिद्ध केले. ज्या धाकट्या भावाने वडिलांची बिरुदे देण्याच्या भयाने रातोरात नदी ओलांडली, त्याच्याच वंशजांच्या घरी थोरल्या भावाचे महाकाव्य सुरक्षित राहिले. सभासदाच्या कथेतले महाराज जे मागत होते ते अडीचशे वर्षांनी असे परत आले.

तंजावरला जाण्याचा योग आल्यास बृहदीश्वराचे शिखर पाहून घाईने परतू नये. प्राकाराच्या भिंतीपाशी थोडे थांबावे. मी गेलो त्या दिवशी माझ्याबरोबर मुलगी होती. तिची शाळा कानडी व इंग्रजी, मराठी घरापुरती. दोन-तीन ओळी तिने बोट ठेवून, अडखळत लावल्या. मग तिने विचारले, "बाबा, हे आपल्यातलं इथे कोणी लिहिलं?" मी तिला बाबूरायाचे नाव सांगितले. या प्रश्नासाठीच त्याने ते लिहिले असावे, असे मला त्या वेळी वाटले.